कवळी : निवड आणि निगा
(मंडळाच्या ज्येष्ठ सभासद व विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



विषयाची घोषणा झाली तेव्हा मागे बसलेले काही विद्यार्थी हसले, हे आम्ही पाहिले. आम्हाला त्याचा राग नाही. नाटकात कवळी पडली की प्रेक्षक हसतात, अशी आपल्याला सवयच आहे. परंतु ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही, त्यांना मात्र हसू येत नाही. लग्नाच्या पंगतीला बसायचे टाळणारी, भाकरी सोडून चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढणारी, बोलताना पदर तोंडाशी धरणारी माणसे तुमच्या-आमच्या घरातच आहेत.

आम्ही दंतवैद्यकात काम करणारी माणसे आहोत. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील आजींना आम्ही कवळी करून दिली. माप चांगले होते, दात शोभून दिसत होते, आजी आनंदाने घरी गेल्या. वर्षभराने भेट झाली, तर तोंडाचे बोळके जसेच्या तसे! कवळी कोठे, असे विचारता त्यांनी ट्रंकेतून डबी काढून दाखवली. चार दिवसांत हिरडी सोलली, ती दुखू लागली, आणि "आपल्या नशिबात दात नाहीत" असे समजून त्यांनी ती ठेवून दिली. दोन-तीन वेळा परत येऊन घासून घ्यावी लागते, एवढे एक वाक्य आम्ही त्यांना नीट सांगितले नव्हते. चूक आमची होती, आणि उपास मात्र आजींनी काढले. आजचे हे बोलणे त्या चुकीची भरपाई म्हणून आहे, असे समजा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. म्हातारपण आले म्हणून दात पडत नाहीत. दात पडतात ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. तंबाखू आणि मशेरी यांनी हिरड्यांचे नुकसान वाढते. म्हणून जे दात किंवा ज्या मुळ्या वाचवता येतील त्या वाचवाव्यात. "सगळेच काढून टाका, कटकट नको," असे डॉक्टरांना आपणहून सांगू नये. दात काढला की त्याखालचे हाड झिजू लागते, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त. उरलेले दोन-चार चांगले दातही कवळीला मोठा आधार देतात.

आता निवडीविषयी. काही दात शिल्लक असतील तर अर्धवट कवळी बसते. ती ॲक्रिलिकची किंवा धातूच्या सांगाड्याची असते. धातूची पातळ व मजबूत असते, पण महाग पडते. सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी. ॲक्रिलिक या पदार्थाचा वापर कवळीसाठी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. वरची कवळी टाळूवर पसरून लाळेच्या पातळ थराने घट्ट चिकटते. खालच्या कवळीला वरच्याच्या जवळजवळ निम्मीच जागा मिळते, शिवाय जीभ तिला सतत ढकलत असते. त्यामुळे खालची थोडी सैल राहणारच. तो नेहमी डॉक्टरांचा दोष नसतो. ज्यांना परवडेल त्यांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवण्याविषयी विचारावे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत दिले. मात्र साधी, नीट बसलेली कवळीही माणसाला पुन्हा पंगतीत बसवते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

चांगली कवळी एका बैठकीत होत नाही. तपासणी, पहिले माप, नेमके माप, जबडा मिटण्याची नोंद, मग मेणात बसवलेल्या दातांची चाचणी आणि शेवटी कवळी, असे चार-पाच हेलपाटे होतात. मेणातील चाचणीच्या दिवशी घरातले माणूस आणि आरसा, दोन्ही हवेत. दातांचा रंग, लांबी, ओठांची ठेवण त्याच दिवशी बदलता येते, नंतर नाही. तरुणपणीचा एखादा फोटो असेल तर सोबत न्यावा. पांढरेशुभ्र दात मागण्याचा मोह आवरावा. वयाला शोभतील तेच दात खरे वाटतात.

रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात "फिक्स दात" बसवणाऱ्यांपासून सावध राहा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. शेजारच्या चांगल्या दातांना तार बांधून त्यावर ॲक्रिलिक ओततात. ते काढता येत नाही, धुता येत नाही. खाली अन्न सडते आणि चांगले दातही हलू लागतात. दंतवैद्याची नोंदणी आहे की नाही, हे विचारण्यात संकोच कसला? पैशाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात जावे. तेथे वेळ लागतो, पण काम अध्यापकांच्या देखरेखीखाली होते.

कवळी मिळाल्यावरचे पहिले काही आठवडे खरी परीक्षा असते. तोंड भरल्यासारखे वाटते, लाळ सुटते, शब्द अडखळतात. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे; जीभ लवकर सरावते. सुरुवातीस मऊ भात, खिचडी, कालवणात कुस्करलेली भाकरी खावी. लहान घास दोन्ही बाजूंनी एकदम चावावा. पुढच्या दातांनी पेरू तोडू नये. टाळू झाकली गेल्याने गरम चहाचा चटका उशिरा कळतो, तेव्हा फुंकून प्यावा. दुखले तर घरी कानस किंवा ब्लेड चालवू नये. तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी कवळी थोडा वेळ तरी घालावी, म्हणजे कोठे टोचते ते डॉक्टरांना दिसते.

निगा अगदी सोपी आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी. रोज एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासावी; टूथपेस्ट किंवा राखुंडीने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण साचते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उकळते पाणी वापरू नये, ती वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि हिरड्या, टाळू, जीभ बोटाने किंवा मऊ कापडाने पुसून घ्यावी. रात्रभर कवळी घालून झोपल्याने टाळूला बुरशीचा संसर्ग होऊन ती लाल होते. एवढेच नव्हे, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ८५ वर्षांवरील ५२४ जपानी वृद्धांच्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. मोडलेली कवळी घरच्या गोंदाने चिकटवू नये.

हाड झिजत राहते, म्हणून कवळी काही वर्षांनी सैल होतेच. तिला आतून अस्तर लावून घ्यावे किंवा नवी करावी. वर्षातून एकदा तोंड दाखवावे, दात नसले तरीही. आणि तोंडातील कोणतीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर "कवळी लागली असेल" म्हणून थांबू नये. तंबाखू-मशेरीची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे काम तुमचे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही भाकरी का खात नाही?" एखाद्या घरी ट्रंकेतून डबी निघेल. ती घेऊन त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे न्या. पुढच्या मेळाव्यात ती माणसे सर्वांबरोबर पंगतीत बसलेली दिसली, तर आमचे आजचे येणे सार्थकी लागले, असे आम्ही समजू.