होल्मबर्ग 124 : दीर्घिकांच्या ओढाताणीच्या खुणा

बीडच्या श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या एफएम लहरींची लांबी सुमारे 3 मीटर असते. अवकाशातील थंड, उदासीन हायड्रोजन वायू, म्हणजे ज्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटून गेलेला नाही असा वायू, अशाच, पण 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. या लहरींचे भाकीत खगोलशास्त्रज्ञ व्हान डे हुल्स्ट यांनी 1944 मध्ये केले आणि 1951 मध्ये त्या प्रत्यक्ष सापडल्या. दीर्घिकेतील हा वायू ताऱ्यांच्या पलीकडे दूरवर पसरलेला असतो आणि कडेला गुरुत्वाची पकड सैल असल्याने, शेजारची दीर्घिका जवळून गेली की ताऱ्यांच्या आधी तोच ओढला जातो.

नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण हा वायू टिपते. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. निमिषा कांथारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने होल्मबर्ग 124 या चार दीर्घिकांच्या लहान समूहाचा अभ्यास करून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

समूहातील एनजीसी 2820, मार्केरियन 108 आणि एनजीसी 2814 या तीन दीर्घिका आकाशात अगदी जवळजवळ दिसतात. चौथी, एनजीसी 2805, काहीशी अलग आहे. पहिल्या दोघींना तिसरीशी जोडणारा रेडिओ प्रारणाचा पूल आधीच माहीत होता. खोडदच्या दुर्बिणीने तो सुमारे 90 सेंटिमीटर लांबीच्या लहरींवरही टिपला, आणि लहरींची लांबी कमी होत जाते तशी त्याची तीव्रता पूर्वीच्या अनुमानापेक्षा कितीतरी झपाट्याने घटते, हे दाखवले. एनजीसी 2814 ची वायूची चकती कललेली आहे आणि तिच्या दक्षिणेकडून वायूची एक धार निघते. परस्परांच्या गुरुत्वीय ओढीच्या या स्पष्ट खुणा होत.

तथापि केवळ ओढीने सर्व काही उलगडत नाही. एनजीसी 2820 च्या दक्षिणेला वायू एकाएकी कापल्यासारखा संपतो, आणि ताऱ्यांची चकती मात्र तेथे अबाधित दिसते. गुरुत्व तारे आणि वायू असा भेद करीत नाही. म्हणून समूहातील विरळ माध्यमातून जाताना समोरून येणाऱ्या दाबाने वायू मागे रेटला गेला असावा, हे संशोधकांचे अनुमान पटण्याजोगे आहे. याच दीर्घिकेच्या उत्तरेला वायूचे एक मोठे, एकाच बाजूचे वेटोळे आहे. केंद्रातील ताऱ्यांच्या जोमदार निर्मितीने ते बाहेर फेकले गेले असते, तर त्यात आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला वायूही दिसायला हवा होता. तो दिसला नाही, म्हणून संशोधकांनी त्या कारणाला पाठिंबा दिला नाही. दाब आणि ओढ यांपैकी कोणाचे हे काम, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे उघडा ठेवला.

हा समूह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु फाल्गुन-चैत्रात रात्री नऊच्या सुमारास बीडमधून उत्तरेकडे, सप्तर्षींतील क्रतूच्या पश्चिमेस, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर श्रोत्यांनी अवश्य पाहावे, कारण तो त्याच दिशेला आहे.