पडद्यावरचा बर्फ



या व्याख्यानमालेच्या पत्रकावर माझ्या नावापुढे ‘कामगार कार्यकर्ते’ असे छापले आहे आणि विषय दिला आहे ‘संगणकावरचा बर्फ’. पुष्कळांना वाटले असेल की छापखान्यात दोन ओळींची अदलाबदल झाली. तसे झालेले नाही. माझे शिक्षण नववीत थांबले. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि कामगारांच्या तोंडून. बर्फही मी एका कामगाराकडूनच शिकलो.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण कचेरीत आला. डोळे तांबारलेले, खांद्याला पिशवी. मी विचारले, “काय काम करतोस?” तो म्हणाला, “काका, मी बर्फ पाडतो.” मला हसू आले. पण तो थट्टा करीत नव्हता. परदेशी चित्रपटांतली डोंगर-दऱ्यांची दृश्ये संगणकावर तयार करणाऱ्या एका कंपनीत तो होता. पाच आठवडे रात्रीचे दोन-तीन वाजत होते आणि जादा कामाचा पैसा मिळत नव्हता. मी म्हटले, “तक्रार मागाहून लिहू, आधी तुझे काम समजावून सांग.” ज्याचे काम आपल्याला कळत नाही, त्याची बाजू मालकापुढे मांडता येत नाही, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

माझी समजूत अशी होती की डोंगराचे चित्र घ्यायचे आणि वरून पांढरा रंग द्यायचा. तो म्हणाला, नवशिका पहिल्या दिवशी हेच करतो, आणि डोंगर चुना फासल्यासारखा दिसतो. खरा बर्फ सगळीकडे सारखा बसत नाही. सपाट जागी तो साठतो, चढ फार झाला की घसरतो. खळ्यावर ज्वारीची रास आपण पाहिली आहे. वरून कितीही ओता, रास ठराविक उतारापेक्षा उभी राहत नाही, दाणे ओघळून पायथ्याशी येतात. बर्फालाही असा स्वतःचा उतार असतो. फरक एवढाच की तो दाण्यापेक्षा चिकट असतो, म्हणून कुंपणाच्या खांबावर त्याची टोपी बसते आणि कौलाच्या कडेवरून ओठासारखी बाहेर येते.

आता कोणत्या जागी किती बर्फ पडणार हे यंत्राला कसे सांगायचे? आभाळातून कोट्यवधी कण सोडले तर हिशेबाला अंत नाही, आणि त्यांतले बरेचसे नको तिथे पडतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले पॉल फिअरिंग यांनी 2000 साली हा प्रश्न उलटा केला. त्यांनी जमिनीवरूनच कण वर आभाळाकडे सोडले. ज्या जागेवरचे कण अडथळ्यावाचून वर पोहोचतात, तिथे बर्फ पुष्कळ. ज्यांचे फांदीला किंवा छपराला अडकतात, तिथे थोडा. कण सरळ न जाता वाऱ्याने भरकटल्यासारखे जातात, म्हणून झाडाखालच्या बर्फाची कड सुरीने कापल्यासारखी न दिसता हळूहळू विरळ होते. मग प्रत्येक ठिकाणचा ढीग टिकेल की घसरेल हे तपासायचे, आणि घसरणारा बर्फ खालच्या जागेच्या खाती जमा करायचा. जमा-खर्चाची वही ठेवणाऱ्या कोणाही माणसाला हे कळेल.

हा झाला स्थिर बर्फ. त्यावरून माणूस चालू लागला की प्रश्न अवघड होतो. बर्फ धड दगड नव्हे, धड पाणी नव्हे. मुठीत दाबला तर घट्ट होतो, ताणला तर तुटतो, फेकला तर फुटून उधळतो. ‘फ्रोझन’ हा चित्रपट 2013 साली आला. त्याच वर्षी स्टोमाखिन, श्रोडर, चाय, टेरान आणि सेल या पाच जणांनी आपली रीत प्रसिद्ध केली. तिचे मूळ 1990 च्या दशकातल्या यांत्रिकीत आहे. बर्फाचे असंख्य कण मानायचे. प्रत्येक कण आपले वजन, आपला वेग आणि आपण किती दबलो वा ताणलो याची नोंद जवळ बाळगतो. क्षणोक्षणी या नोंदी चौकटींच्या एका जाळ्यावर गोळा करायच्या, तिथे जोरांचा हिशेब करायचा, आणि निकाल पुन्हा कणांना वाटून द्यायचा. दबलेला कण पुढच्या वेळी अधिक कठीण वागतो, ताणलेला ढिला होतो. ऐकताना मला आमची युनियनच आठवली. तक्रार प्रत्येकाची वेगळी, हिशेब सभेत एकत्र, आणि निर्णय घेऊन जो तो आपापल्या खात्यात परत.

तिसरी गोष्ट उजेडाची. बर्फाचा एक कण पारदर्शक असतो. ढीग पांढरा दिसतो, कारण उजेड असंख्य कणांच्या पृष्ठांवर आपटत आत शिरतो आणि पुष्कळसा परत बाहेर येतो. ताजा बर्फ आलेल्या उजेडापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. आत शिरलेल्या उजेडातला तांबडा भाग अधिक शोषला जातो, म्हणून खोल भोकात निळसर झाक दिसते. सावलीवर आभाळाचा उजेड पडतो, म्हणून तीही निळसर. तिथे काळा रंग दिला की दृश्य मेले.

त्या मुलाचे काम सात वेळा परत आले होते. उतार बरोबर, उजेड बरोबर, तरी वरिष्ठ म्हणत, “खोटे वाटते.” शेवटी कळले की त्याचा बर्फ फार स्वच्छ होता. वाऱ्याने एका बाजूचा खडक उघडा पडायला हवा आणि आडोशाला ढीग साचायला हवा. उन्हाने तापलेल्या काळ्या दगडाभोवती थोडे वितळायला हवे. हिमालयात दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त, म्हणून तिथला बर्फ आधी जातो. थोडक्यात, बर्फावर काय काय घडून गेले याचा माग त्यावर हवा. माग नसलेला बर्फ डोळ्याला पटत नाही.

संगणक येण्यापूर्वी पडद्यावर बर्फ कशाचा असे, ते आता सांगतो. आधी कापूस वापरीत. दिव्यांच्या धगीत कापूस पेट घेतो, म्हणून न जळणारी वस्तू आली. ती होती ॲस्बेस्टॉस. 1939 च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये अफूच्या फुलांच्या मळ्यात झोपलेल्या मुलीवर पडणारा बर्फ ॲस्बेस्टॉसचा होता. रंगवलेले मक्याचे पोहेही वापरीत, पण पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. 1946 च्या ‘इट्स ए वंडरफुल लाइफ’साठी आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचा नवा बर्फ केला गेला. तो आवाज करीत नसे.

कापूस आणि ॲस्बेस्टॉस ही नावे ऐकली आणि मला माझे वडील दिसले. ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पाळी सुटून घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांवर, डोक्यावर कापसाचा पांढरा थर असे. आम्ही मुले तो फुंकून उडवीत असू आणि हसत असू. आठवड्याची सुट्टी संपून ते कामावर गेले की त्या पहिल्या दिवशी त्यांची छाती भरून येई. कापसाच्या धुळीच्या रोगाचे हे लक्षण पुस्तकात दिलेले आहे, हे मी फार उशिरा वाचले. ॲस्बेस्टॉसचा रोग तर वीस-तीस वर्षांनी वर येतो. पडद्यावर पांढरे आणि सुंदर दिसणारे ते कोणाच्या छातीत गेले, याचा हिशेब कोणी ठेवला?

म्हणून मी संगणकाच्या विरुद्ध बोलायला उभा नाही. संगणकाचा बर्फ कोणाच्या फुफ्फुसात जात नाही, हा मोठा लाभ आहे. पण तो झोप घेतो, पाठ घेतो, डोळे घेतो. आणि त्यात एक नवी अडचण आहे. विणकराचा ताणा चांगला की वाईट ते हाताला कळते. या मुलाचे काम मात्र जितके चांगले, तितके ते कोणी केले आहे हे ध्यानात येत नाही. प्रेक्षक म्हणतो, “काय सुंदर डोंगर!” डोंगर निसर्गाच्या खाती जमा होतो आणि मजुरी मागायची वेळ आली की मालक विचारतो, “तू असे केलेस तरी काय?”

आम्ही त्याला उत्तर तयार केले. सात वेळा परत आलेल्या कामाच्या तारखा, प्रत्येक वेळचे तास, काय बदलले, सारे एका वहीत लिहिले. त्याच्यासारखे आणखी अकरा जण निघाले. दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी लिहिलेली आहे, ते पान जोडले. निम्मी रक्कम मिळाली, निम्मीसाठी भांडण चालू आहे. पण ज्या दिवशी ते बारा जण एका खोलीत बसले, त्या दिवशी मला कळले की संघटना येथेही होते. अमेरिकेत डिस्नेच्या चित्रकारांनी 1941 साली संप केला होता. तिथल्याच दृश्य-परिणाम कामगारांनी 2023 साली युनियनच्या बाजूने मते दिली. मधे ब्याऐंशी वर्षे गेली. आपल्याला एवढा वेळ लागू नये.

आपणाकडे माझे मागणे लहान आहे. चित्रपट संपला की दिवे लागतात, माणसे उठतात, आणि काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत नावे सरकू लागतात. ती पाहायला बसा. दूरच्या शहरांत काम केलेल्या कित्येकांची नावे तिथे येतच नाहीत, हेही बसल्यावरच कळेल. त्या मुलाचा चित्रपट आला तेव्हा आम्ही दोघे शेवटपर्यंत बसलो. झाडूवाला पायाशी येऊन उभा राहिला. नाव आले नाही. मुलगा म्हणाला, “काका, त्या खडकाच्या आडोशाचा ढीग मात्र माझा होता.” मी म्हटले, “मी पाहिला.”