बिनमालकाच्या कारखान्यातील ठराव



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘ब्लॉकचेन’ हा शब्द पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही कामगार संघटनेत वाढलेले. शाळा लवकर सुटली, वाचन मात्र सुटले नाही. या विषयातले जे थोडे कळते ते वाचून आणि जाणत्यांना विचारून कळलेले आहे. ज्या कारखान्याला मालकच नाही तेथे नियम कोणी आणि कसा बदलावयाचा, हा प्रश्न आम्हांला या विषयाकडे घेऊन आला. बिटकॉइन घ्यावे की घेऊ नये याविषयी आज आम्ही अक्षरही बोलणार नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. २००९ च्या जानेवारीत सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी बिटकॉइनची खतावणी सुरू केली. ही खतावणी एखाद्या पेढीत ठेवलेली नाही. जगभर हजारो संगणकांवर तिची प्रत असते. अशा संगणकाला नोड म्हणतात. सुमारे दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते, तो ब्लॉक. पान जोडण्याचा मोबदला मिळावा म्हणून मोठमोठी यंत्रे चालवून जे चढाओढ करतात ते मायनर. खतावणीचे नियम ज्या आज्ञावलीत आहेत ती सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, उतरून घ्यावी, दुरुस्ती सुचवावी. २०११ च्या सुमारास नाकामोतो या मंडळींतून नाहीसा झाला. मागे उरले आज्ञावली लिहिणारे, मायनर, व्यापारी कंपन्या आणि नोड चालविणारे साधे लोक.

मग दुरुस्ती करावयाची कशी? २०११ मध्ये अमीर ताकी यांनी त्यासाठी एक रीत लिहून काढली. सुधारणेचा प्रस्ताव लेखी असावा. त्यात दुरुस्ती का हवी, ती नेमकी कोणती, आणि जुन्या आज्ञावलीवर चालणाऱ्यांचे काय होईल, हे सांगितलेले असावे. संपादक प्रस्तावाला क्रमांक देतो. पण क्रमांक मिळाला म्हणजे मंजुरी मिळाली असे नव्हे. एकमत घडविण्याची जबाबदारी प्रस्ताव लिहिणाऱ्याची, आणि विरोधी मते नोंदवून ठेवण्याचीही त्याचीच. हे शेवटचे कलम आम्हांला फार आवडले. विरोध करणाऱ्याचे म्हणणे इतिवृत्तात न लिहिणाऱ्या सभा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता एका प्रस्तावाची हकीकत सांगतो. त्याचा क्रमांक १४१, नाव ‘सेगविट’. डिसेंबर २०१५ मध्ये एरिक लोंब्रोझो, जॉन्सन लाऊ आणि पीटर वुइले यांनी तो मांडला. दुखणे असे होते. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक असे आणि तो सहीसकट सगळ्या मजकुरावरून ठरे. परंतु सहीच्या मांडणीत तिऱ्हाइताला किंचित फरक करता येई. रक्कम तीच, घेणारा तोच, पण पावतीचा नंबर बदललेला! अशा पावतीवर पुढचा व्यवहार कसा बांधावयाचा? प्रस्तावाने सह्या निराळ्या भागात ठेवावयास सांगितले. त्यामुळे पानावर अधिक व्यवहार मावणार होते आणि जुने नोडही बंद पडणार नव्हते.

प्रस्ताव चांगला होता. अडचण आली ती अंमलाची. ठरलेल्या रीतीप्रमाणे मायनरांनी आपल्या ब्लॉकवर ‘आम्ही तयार आहोत’ अशी खूण करावयाची होती. २०१६ ब्लॉकांच्या, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या एका पाळीत शेकडा ९५ ब्लॉकांवर खूण दिसली की नियम लागू. मुदत १५ नोव्हेंबर २०१६ पासून एक वर्ष. येथे श्रोत्यांनी एक बारकावा ध्यानी घ्यावा. प्रश्न ‘तुमची यंत्रे सज्ज आहेत काय?’ एवढाच होता. मायनरांनी त्याचा अर्थ ‘तुम्हांला हे मान्य आहे काय?’ असा केला. पानाचा आकारच मोठा करावा असे ज्यांचे म्हणणे होते, त्यांना खूण रोखून धरण्याचे हत्यार मिळाले. शंभरांतील पाचसहांनी हात आखडला तरी गाडी थांबणार. येथे तर २०१७ चा वसंत आला तरी खुणा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच घुटमळत होत्या.

तेव्हा ‘शाओलिन फ्राय’ या टोपणनावाने प्रस्ताव क्रमांक १४८ आला. १ ऑगस्ट २०१७ पासून ज्या ब्लॉकवर सेगविटची खूण नसेल तो ब्लॉक आमचे नोड स्वीकारणार नाहीत, असा त्याचा आशय. याला आमच्या भाषेत नोटीस म्हणतात. पाने जोडणारे मायनर खरे, पण ती पाने खरी मानणारे नोडवाले. त्यांनी आपली ताकद तारीख घालून सांगितली. हा धोक्याचा मार्ग होता. ही नोटीस पाळणारे नोड थोडेच होते आणि खतावणी दुभंगण्याचे भय खरे होते.

२३ मे २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे कंपन्या आणि मोठे मायनर यांनी एक करार जाहीर केला. त्यावर ५८ कंपन्यांची नावे होती. आधी सेगविट आणावे आणि सहा महिन्यांत पानाचा आकारही दुप्पट करावा, असे ठरले. त्यानंतर जेम्स हिलियर्ड यांच्या ९१ क्रमांकाच्या प्रस्तावाने वाट काढली. ३३६ ब्लॉकांपैकी २६९ वर खूण झाली की बिनखुणेचे ब्लॉक नाकारावयाचे. हे जुलैत, नोटिशीची तारीख उजाडण्यापूर्वीच जमले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून सेगविट लागू झाले. मोठ्या पानाचा आग्रह धरणारे काहीजण १ ऑगस्टलाच वेगळे निघाले होते. त्यांच्या खतावणीचे नाव बिटकॉइन कॅश.

आणि कराराचा दुसरा भाग? ८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो पुढे रेटणाऱ्यांनीच पुरेसे एकमत झाले नसल्याचे सांगून मागे घेतला. करारावर मोठ्यांच्या सह्या होत्या, पण आज्ञावली लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक आणि सामान्य नोडवाले त्या खोलीत नव्हते. ज्यांनी तो पाळावयाचा त्यांना न विचारता केलेला करार कागदावरच राहतो, हे गिरणीच्या दाराशी उभा राहिलेला कोणीही सांगेल.

सुधारणा नेणाऱ्याने या हकीकतीतून काय घ्यावे? तयारीचा प्रश्न आणि संमतीचा प्रश्न कधी एकत्र करू नयेत. संमती आधी, उघड्यावर, आक्षेपाला उत्तरे देऊन मिळवावी. तयारी नंतर विचारावी. बिटकॉइनमध्ये पुढची मोठी सुधारणा, टॅपरूट, आली तेव्हा आधी दीर्घ चर्चा होऊन विरोध जवळजवळ मावळला होता. मग खुणेची अट शेकडा ९० आणि मुदत सुमारे तीन महिने ठेवली. जून २०२१ मध्येच अट पुरी झाली आणि १४ नोव्हेंबर २०२१ रोजी नियम लागू झाला.

‘मालक नको’ ही घोषणा आम्ही तरुणपणापासून ऐकत आलो. मालक गेला म्हणजे सत्ता जात नाही. ज्याच्या हाती एखादी कळ असते त्याच्याकडे ती जाऊन बसते. म्हणून कळ कोणाच्या हाती आहे हे आधी शोधावे, आणि ठराव सर्वांना वाचता येईल असा लिहावा. आपल्या गृहनिर्माण संस्थेत वा पतपेढीत पुढची सभा भरेल तेव्हा एवढे पाहिले तरी हे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.