पाठीचे दुखणे आणि पाठीवरचे ओझे



शाळा लवकर सुटलेल्या आणि पुढचे शिक्षण मोंढ्यातच घेतलेल्या आमच्यासारख्या कार्यकर्त्याला आपण या व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल चालकांचे आभार. पाठदुखी हा डॉक्टरांचा विषय. त्यात संघटनेच्या माणसाने का पडावे, असे कोणी विचारील. ज्यांच्या पाठीवर पोते असते त्यांच्यात आमचा जन्म गेला, एवढाच आमचा अधिकार.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. हळदीला नाव मिळाले; पण तिची पोती थप्पीला लावणाऱ्याच्या दुखण्याला मात्र वर्षानुवर्षे नाव मिळत नाही. प्रथम ‘उसण भरली’ म्हणायचे आणि पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खायची. मग बिब्बा, मग तेल, मग दुकानातली गोळी, मग सुई, आणि शेवटी उसनवारी करून मोठ्या शहरात काढलेला फोटो. एवढ्या प्रवासात ‘कुठे दुखते?’ असे सगळे विचारतात. ‘बाबा रे, तू काम काय करतोस?’ हे विचारणारा विरळा.

हा प्रश्न आमच्या पदरचा नव्हे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने इ. स. १७०० मध्ये कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाचे प्रश्न हिप्पोक्रेटिसने सांगितलेच होते; त्यांत रामाझिनीने एकाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? त्या ग्रंथात हमालांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी हा प्रश्न आमच्याकडच्या तपासणीच्या खोलीत क्वचितच ऐकू येतो.

आता दुखण्याकडे वळू. मणक्यांच्या मधली गादी फाटून तिचा भाग नसेवर दाब आणतो आणि कळ पायात उतरते, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी दाखवून दिले. परंतु प्रत्येक पाठदुखी गादीची नसते. बहुतेक पाठदुखीत अमुकच जागा बिघडली असे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि ती काही आठवड्यांत ओसरते. फोटोत दिसणारी झीज न दुखणाऱ्या पाठीतही सापडते. तेव्हा नुसत्या फोटोवरून घाबरू नये. अंथरुणाला खिळून राहू नये; झेपेल तेवढे हिंडत राहावे. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

मात्र काही खुणा दिसल्या तर वेळ दवडू नये. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, जांघेतली जागा बधिर झाली, पायातली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप येतो, वजन घटते, रात्री पडल्यावरही दुखणे थांबत नाही, अशा वेळी मणक्याचा क्षय तर नाही ना, हे तपासून घ्यावे. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळीच घेतली तर तो बरा होतो. अशा पाठीवर पायाळूची लाथ बसली, तर माणूस कायमचा लुळा व्हायचा.

आणि डॉक्टरने विचारले नाही, तर आपण सांगावे: दिवसाला किती पोती, किती वजनाची, किती अंतर. रोगाच्या निदानात ओझ्याचे वजन आलेच पाहिजे. हिशेब मोंढ्यातल्या माणसाला समजेल असाच आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे. वाकून उचललेले ओझे चाळीस सेंटिमीटर पुढे. म्हणजे आखूड-लांब दांडीचा तराजूच! शंभर किलोंचे पोते दोघांनी उचलले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास किलो आणि त्याच्या स्नायूंना ढोबळमानाने चारशे किलोंचा ताण. तो दिवसातून शेकडो वेळा. मग ‘विश्रांती घ्या’ या सल्ल्याचा अर्थ काय? ज्याची मजुरी पोत्यावर, त्याची विश्रांती म्हणजे चूल बंद.

म्हणून उपचाराचा अर्धा भाग औषधाच्या चिठ्ठीत मावत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपर्यंत आणण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव स्वतः वैद्यकी करणारे होते. औषध देता देता माणसाच्या ओझ्यापर्यंत कसे जावे, हे त्यांनी दाखवले. सरकारी धान्याचे पोते पन्नास किलोंचे असते आणि त्याने कोणाचा व्यापार बुडालेला नाही.

काही आडतदार मित्र म्हणतात, पोते लहान केले की खेपा वाढतील, हमालीही वाढेल. खेपा वाढतील हे खरे. म्हणूनच दर पोत्यावर न ठेवता क्विंटलवर ठेवा, म्हणजे कोणाचेच नुकसान नाही. सुतळी आणि बारदाना थोडा जास्त लागेल. पाठीपेक्षा बारदाना महाग आहे काय?

या सभेत माल भरणारे शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, डॉक्टरही आहेत. शेतकऱ्याने पोते पन्नासाला थांबवावे, व्यापाऱ्याने तेच मागावे, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर नावाखाली रोग्याचा धंदा लिहावा. तिघांपैकी कोणालाही यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही.