मेंदूतलं एक कडं



 स्कॅनवर सारख्या दिसणाऱ्या आजारांवर ही परिषद भरली आहे. तेव्हा स्वागतही अशाच एका जोडीने केलेलं बरं.

विशीतला धडधाकट तरुण. काम करता करता एक हात झटके देऊ लागतो, मग शुद्ध हरपते. सीटीवर मेंदूच्या पृष्ठभागाजवळ छोटं पांढरं कडं, भोवती सूज. देशात सीटी नवा होता तेव्हा अशा कड्याला बहुधा एकच नाव मिळे: टीबीची गाठ. महिनोन्‌महिने गोळ्या चालत, कडं नाहीसं होई आणि श्रेय गोळ्यांना जाई. पंचाईत अशी, की गोळ्या न घेतलेल्यांचीही कडी विरून जात होती!

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या. बहुतेकींत निघाली ती मरू घातलेली पट्टकृमीची अळी. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पुढे त्यांनी निकषही बांधून दिले: कडं 20 मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूची मधली रेषा जागच्या जागी, रुग्णाची दुर्बलता वाढत नसलेली, तर संशय आधी अळीवर. यासाठी नवं यंत्र लागलं नाही. मोजपट्टी आणि रुग्णाची हकिगत पुरली.

‘आम्ही माळकरी, डुकराचं मांस कुठून खाणार?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच. पण मांसातून पोटात जंत, म्हणजे पट्टकृमी, होतो. मेंदूत अळी होते ती जंताची अंडी पोटात गेल्याने. ती न धुतलेल्या भाजीतून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातूनही येतात. शाकाहाराने निदान बाद होत नाही.

चूक महागात पडते. रिफाम्पिसिनमुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरते. म्हणजे नसलेल्या टीबीवर उपचार करताना असलेली फिट बळावू शकते. उलट बाजूही आहे. अल्बेन्डाझोल सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा पाहावाच लागतो. तिथे अळी असली आणि ती औषधाने मेली, तर येणाऱ्या सुजेने दृष्टी जाऊ शकते.

कडं पुवाच्या गाठीचंही असतं, कर्करोगाचंही. डिफ्यूजन एमआरआयवर पू सहसा पांढराशुभ्र चमकतो, म्हणून तिथे थोडी सुटका. अळी आणि टीबी यांत मात्र पुष्कळदा काही आठवड्यांनी काढलेला दुसरा स्कॅनच निकाल देतो, आणि तोवर रुग्णाला फिटच्या गोळ्यांवर ठेवून थांबणं हाही उपचारच.

यजमान म्हणून एकच विनंती. स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहून पाठवू नये. फिट कधी आली, ताप आहे का, वजन घटलं का, घरात कुणाला टीबी आहे का, एवढं तरी लिहावं. आणि रेडिओलॉजिस्टांनी अहवालात कड्याचं माप मिलिमीटरमध्ये द्यावं.