तपासणीच्या पुढे



माहूर म्हटलं की रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर आणि नवरात्रातली गर्दी आठवते. त्याच डोंगरांच्या आजूबाजूला, पैनगंगेच्या काठानं आणि किनवटच्या सागवानी जंगलाच्या कडेनं गोंड, कोलाम, आंध, परधान समाजाची गावं, गुडे आणि पोड आहेत. या गावांत पिढ्यान् पिढ्या मुक्काम ठोकून बसलेल्या एका आजाराबद्दल मी आज बोलणार आहे. आजाराचं नाव सिकलसेल. पण आजाराच्या माहितीपेक्षा मला जास्त बोलायचं आहे ते रुग्णांच्या मागण्यांबद्दल. त्यांनी सरकारकडे काय मागावं, कसं मागावं आणि आजवर मागून काय मिळवलं, याबद्दल.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतून त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी मात्र प्राणवायू सोडला की ताठर होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. त्या अडकतात, मागचं रक्त तुंबतं आणि तिथं कळा सुरू होतात. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कायम कमी, डोळे पिवळट आणि थकवा पाचवीला पुजलेला. तान्ह्या लेकराच्या हातापायाची बोटं सुजतात. मोठ्या माणसाची कंबर, छाती, गुडघे धरतात, पुढे खुब्याचा सांधाही निकामी होऊ शकतो. थंडी, ताप, अतिश्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं, यांनी दुखणं उसळतं.

हा आजार शिवल्यानं, जेवल्यानं, सोबत राहिल्यानं होत नाही. तो आई-वडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. शास्त्रज्ञांनी याचं कारणही शोधलं आहे. वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या तापापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून जिथं पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथं हे जनुक टिकून राहिलं. यात कोणाच्या कुळाचा, जातीचा किंवा मागच्या जन्माचा दोष नाही. हे मी ठासून सांगतो, कारण दोष मानला की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला रुग्ण सरकारच्या कागदावर येत नाही.

सिकलसेल आपल्याकडे नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजाराच्या अभ्यासाला आणि उपचाराला आयुष्य वाहिलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं, कागदावर आकडे होते. तरीही सरकारी धोरणात या रुग्णांना नाव मिळायला अर्धं शतक उलटावं लागलं. नुसत्या आकड्यांनी धोरण बदलत नाही. तो आकडा हातात घेऊन कोणीतरी दार ठोठावावं लागतं.

ते दार ज्यांनी ठोठावलं, त्यांत नागपूरच्या संपत रामटेके यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. ते डॉक्टर नव्हते. पोटच्या मुलाला सिकलसेल निघाला आणि या बापानं ते दुःख आपल्या घरापुरतं ठेवलं नाही. 'सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था त्यांनी उभी केली, रुग्णांची कुटुंबं जोडली, शासनाकडे पाठपुरावा केला. त्यांची एक मोठी मागणी साधी होती. कायमचं दुखणं घेऊन जगणाऱ्या माणसाला कायद्यानं दिव्यांग माना. हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या संघटनाही त्यांच्या आजारांसाठी तेच मागत होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेनं नवा दिव्यांग हक्क कायदा केला, त्यात २१ प्रकार आले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार होते. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू झाला. रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, ती मरणोत्तर.

श्रोते हो, हे यश मोठं आहे, पण ते अर्धं आहे. त्याच कायद्याच्या कलम ३२ नुसार उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेला सिकलसेलचा विद्यार्थी येतो. पण कलम ३४, म्हणजे सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, त्यात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. म्हणजे आमची मुलगी दिव्यांग म्हणून कॉलेजात शिकेल आणि नोकरीच्या अर्जापाशी कायदा तिला ओळखणार नाही. ही उणीव संसदच दूर करू शकते, आणि ती दूर करा असं आपल्या खासदाराला सांगणं हे रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं काम आहे.

दुसरी अडचण दिव्यांग प्रमाणपत्राची. सिकलसेलचं दुखणं येतं आणि जातं. मागच्या आठवड्यात कण्हत पडलेला पोरगा ज्या दिवशी तपासणीला उभा राहतो, त्या दिवशी धडधाकट दिसतो. त्याच्या दुखण्याचा पुरावा म्हणजे त्याचे जुने कागद. किती वेळा भरती झाला, किती वेळा रक्त चढवलं. म्हणून दवाखान्यातून निघताना कागद मागून घ्या, जपून ठेवा. आणि माहूरहून जिल्ह्याचं ठिकाण नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दुखऱ्या सांध्यांनी तिथवर जाण्याऐवजी प्रमाणपत्राचं शिबिर माहूर-किनवटला ठरलेल्या दिवशी भरावं, ही मागणी रास्त आहे.

आता सध्याच्या मोहिमेबद्दल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथं पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचं उच्चाटन करायचं, असं उद्दिष्ट आहे. तपासणी सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात सोडतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर बहुधा सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्त पुढच्या पक्क्या तपासणीला जातं. काही मिनिटांचं काम. गावात हे होतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण रेघा दिसेनाशा झाल्यावर पुढे काय? माझा आजचा मुद्दा हाच आहे. सरकार जे मोजतं, ते सरकार करतं. या अभियानाचं सगळ्यांत ठळक उद्दिष्ट तपासणीचं आहे, म्हणून सगळी यंत्रणा तपासणीमागे धावते. रुग्णाच्या दृष्टीनं खरे आकडे वेगळे आहेत. आमच्या तालुक्यात किती रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाची गोळी या महिन्यात मिळाली? किती जणांची गोळी खंड न पडता वर्षभर चालली? ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतली तर कळांचे झटके कमी होतात. अमेरिकेत १९९८ पासून ती सिकलसेलसाठी मान्य आहे. पण ती एक महिना मिळाली आणि दोन महिने नाही, तर तिचा गुण येत नाही. म्हणून रुग्णांनी आता सरकारला सांगायचं आहे की तपासणीच्या आकड्याशेजारी उपचाराचाही आकडा लावा आणि तो दर महिन्याला जाहीर करा.

तपासणी उपचारापासून सुटली की काय होतं, याचा धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. तिथं १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं वस्त्यांमध्ये सिकलसेलची मोफत तपासणी केंद्रं चालवली आणि सरकारनं दुर्लक्ष केल्याचं जाहीरपणे मांडलं. त्या दबावानं १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. पण त्याच काळात काही राज्यांनी सक्तीची तपासणी आणली. समुपदेशन नाही, समजावून सांगणं नाही. परिणाम असा की निरोगी वाहकांनाही आजारी समजून नोकरीत आणि विम्यात डावललं गेलं. आपल्याकडे हाच धोका लग्नाच्या बैठकीत आहे. तपासणीनंतर मिळणारं रंगीत कार्ड हे मुलगी नाकारण्याचं हत्यार होता कामा नये. एक जण वाहक असून दुसऱ्यात हे जनुक नसेल, तर त्यांच्या मुलाला हा आजार होत नाही. हे कार्ड देणाऱ्यानं बसून, त्या घरच्या भाषेत, गोंडीत किंवा कोलामीत समजावून सांगावं. ही मागणीसुद्धा धोरणाचीच आहे.

काही मागण्यांना तर पैसाही लागत नाही. एका आश्रमशाळेत आठवीतल्या सिकलसेलच्या मुलीला मी विचारलं, तुला काय पाहिजे? मला वाटलं, ती औषधाचं सांगेल. ती म्हणाली, "सर, तासातून पाणी प्यायला आन् बाहेर जायला उठू देत नाहीत, तेवढं सांगा." तिला डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. जास्त पाणी प्यायलं की जास्त वेळा उठावं लागणार. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या दुखण्यानं शिकवलं होतं. प्रत्येक आश्रमशाळेत आणि वसतिगृहात सिकलसेलच्या मुलांना पाण्याची, विश्रांतीची, थंडीत उबदार कपड्यांची आणि पीटीतून सूट देण्याची लेखी सूचना असावी, एवढं एक पत्रक निघालं तरी कितीतरी लेकरांच्या कळा वाचतील. असं पत्रक काढायला सांगणारं सगळ्यांत योग्य तोंड त्या मुलीचंच आहे. धोरण ठरवणाऱ्या बैठकीत रुग्णाला खुर्ची हवी ती याचसाठी.

मग मागायचं कुठं आणि कसं? किनवट-माहूर भागातली अनेक गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. तिथं पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो आरोग्यावरही खर्च करता येतो. तेव्हा पहिला ठराव आपल्याच ग्रामसभेत घ्या. गावातल्या रुग्णांची यादी त्यांच्या संमतीनं करा. कोणाची नावं चव्हाट्यावर आणू नका, फक्त संख्या पुढे पाठवा. दर महिन्याला दवाखान्यात जाण्यासाठी गाडीचा खर्च निधीतून मागा.

नंतर निवेदन लिहा. एका निवेदनात एकच मागणी. तारीख घाला, सह्या घ्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, किनवटच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि आमदारांकडे द्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि विचारा, तालुक्यात नोंदलेले रुग्ण किती, त्यांतल्या कितींना मागच्या सहा महिन्यांत दर महिन्याला औषध दिलं? ३० दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे. आलेलं उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. आशाताई, शिक्षक, गावातली शिकलेली मुलं यांनी यात हात द्यावा. पण अर्जावरची पहिली सही रुग्णाची किंवा त्याच्या मायबापांची असू द्या.

कळ उठलेल्या रुग्णाला रात्री-बेरात्री ग्रामीण रुग्णालयात शंका न घेता वेदनाशामक आणि सलाईन मिळावं. गरोदर मातेची तपासणी लवकर व्हावी आणि वाहक आईच्या पोटी आलेल्या बाळाचीही वेळेत व्हावी. औषधाचा साठा संपायच्या आधी नवा यावा. प्रमाणपत्राचं शिबिर जवळ भरावं. कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार यावेत. यातली एकही मागणी अवाजवी नाही, आणि कायद्यात नाव आलं तेव्हाही सुरुवात अशाच साध्या मागण्यांनी झाली होती.

दरवर्षी १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या दिवशी फेरी निघते, भाषणं होतात. येत्या १९ जूनला माहूर तालुक्यातल्या सिकलसेलग्रस्त कुटुंबांनी भाषणं ऐकण्याऐवजी स्वतः बोलावं आणि अधिकाऱ्यांनी वही-पेन घेऊन समोर बसावं. तपासणी सरकारनं केली. आता पुढचा हिशेब मागण्याची पाळी आपली आहे, आणि तो मागेपर्यंत कोणी आपणहून देणार नाही.