दिव्याचे तेल आणि डॉक्टरचे औषध

इजिप्तचे कथाकार याह्या हक्की यांची 'उम्म हाशिमचा दिवा' ही दीर्घकथा १९४४ साली प्रसिद्ध झाली. इस्माईल इंग्लंडात नेत्रवैद्यक शिकून कैरोला परततो. फातिमाच्या दुखऱ्या डोळ्यांत सय्यिदा झैनब मशिदीतील दिव्याचे तेल घातले जात असल्याचे पाहून तो संतापतो आणि दिवाच फोडतो. जमाव त्याला झोडपतो. त्याच्या औषधानेही गुण येत नाही. फातिमाची दृष्टी जाते. रमजानमध्ये स्वजनांविषयीचा तिरस्कार गळून पडल्यावर तो तेलाचा मान राखून पुन्हा उपचार आरंभतो. तिला दिसू लागते. येथे विज्ञान हरलेले नाही, हरली ती तुच्छता. श्रद्धाळू जनतेला हिणवून तिचे परिवर्तन घडत नाही, हे परिवर्तनवाद्यांनी ध्यानी घ्यावे.